झडप बदलल्यावरचा न हटणारा ताप आणि गोठ्यातला एक जंतू

हृदयाची झडप बदललेला एखादा माणूस डोळ्यांसमोर आणा. ऑपरेशनला दीड-दोन वर्षं झालीत. जखम भरली, माणूस शेतात जायला लागला, रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू आहे. आणि मग संध्याकाळचा बारीक ताप सुरू होतो. चार दिवस येतो, आठ दिवस गायब होतो, परत येतो. रात्री घामाने अंग भिजतं, भूक मरते, वजन उतरायला लागतं. गावात टायफॉइडची विडाल तपासणी होते, टायफॉइडचा कोर्स होतो. तालुक्याला सलाईन लागतं. कुणाला टीबीचा संशय येतो. शेवटी रक्ताचं कल्चर पाठवतात आणि रिपोर्ट येतो की जंतू वाढले नाहीत. घरच्यांना वाटतं, सुटलो. ताप मात्र तसाच.

अशा लांबलेल्या तापाची कारणं बरीच असतात. त्यातलं एक कारण बहुतेक घरांनी कधी ऐकलेलं नसतं आणि डॉक्टरांच्याही मनात ते उशिरा येतं. त्याचं नाव क्यू फिव्हर. झडपेवर बसणारा क्यू फिव्हर हा दुर्मिळ आजार आहे, उगाच भीती घालायची नाही. पण मराठवाड्यात दोन गोष्टी एकाच घरात भेटतात: लहानपणच्या रुमॅटिक तापाने झडप खराब झालेलं माणूस, आणि दारात बांधलेल्या दोन-चार शेळ्या. म्हणून हा विषय आपल्याकडे नीट माहीत असायला हवा, असं मला फार वाटतं.

## हा जंतू आहे तरी कोण?

१९३५ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये कत्तलखान्यातल्या कामगारांना एक ताप यायला लागला. कारण सापडेना, म्हणून एडवर्ड डेरिक या डॉक्टरांनी त्याला तात्पुरतं ‘क्वेरी फिव्हर’ म्हटलं, आणि त्यातला ‘क्यू’ कायमचा राहिला. पुढे ऑस्ट्रेलियात मॅकफार्लेन बर्नेट आणि अमेरिकेत हेराल्ड कॉक्स यांनी जंतू ओळखला. दोघांच्या नावावरून तो झाला कॉक्सिएला बर्नेटी. इथून पुढे नुसतं कॉक्सिएला.

शेळ्या, मेंढ्या आणि गाई हे त्याचं मुख्य घर. भारतातल्या जनावरांत आणि माणसांतही त्याच्या खुणा सापडलेल्या आहेत. जनावर बहुधा आजारी दिसतच नाही. कधी शेळी शेवटच्या महिन्यात गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो, कधी करडू मेलेलं किंवा अगदी अशक्त होतं. पुष्कळदा तेवढीही खूण नसते.

सगळ्यात जास्त जंतू असतात ते जारात, म्हणजे विल्यावर पडणाऱ्या वारेत. एक ग्रॅम जारात शंभर कोटींपर्यंत जंतू असू शकतात. विताना येणारं पाणी आणि रक्त, नंतर दूध, मूत, लेंड्या यांतूनही ते बाहेर पडतात.

आता आपल्याकडे शेळी कशी विते ते पाहा. उस्मानाबादी शेळी बरेचदा जुळी देते. रात्री शेळी ओरडायला लागली की घरातली बाई उठते. मोबाईलच्या उजेडात करडाच्या नाकातोंडातला चिकटा बोटाने काढते, पोत्याच्या तुकड्याने त्याचं अंग पुसते, थंडी असली तर चुलीपाशी आणून ठेवते. जार पडला की पाटीत घालून उकिरड्यावर. सकाळपर्यंत कुत्र्यांनी तो ओढून अंगणात आणलेला असतो. उरलंसुरलं तिथेच वाळतं, झाडताना धुरळ्याबरोबर उडतं.

वाळल्यावर जंतू मरायला हवा. हा मरत नाही. त्याचं एक बारीक, टणक रूप असतं, ते कोरडेपणाला आणि नेहमीच्या बऱ्याच जंतुनाशकांना दाद देत नाही. माती-धुळीत ते आठवडे, महिने टिकतं. माणूस तीच धूळ श्वासात घेतो. लागण व्हायला दहाच्या आत जंतूही पुरतात.

दोन-तीन आठवड्यांनी निम्म्याहून अधिक लोकांना काहीच जाणवत नाही. बाकीच्यांना फ्लूसारखा जोराचा ताप येतो, डोकं ठणकतं, घाम येतो, काहींना न्यूमोनिया होतो किंवा लिव्हरला सूज येते. यातले बहुतेक बरे होतात. लागण झालेल्या शंभरात पाचापेक्षाही कमी लोकांत जंतू शरीरात ठाण मांडून बसतो आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी वर डोकं काढतो. या चिवट रूपाला जुनाट क्यू फिव्हर म्हणतात, आणि त्याची सगळ्यात आवडती जागा म्हणजे हृदयाची झडप.

## झडपच का?

निरोगी झडपेचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, रक्त त्यावरून सरळ निघून जातं. रुमॅटिक तापात तसं राहत नाही. लहानपणी घसा दुखतो, नीट उपचार होत नाहीत, काही आठवड्यांनी सांधे सुजतात आणि आतल्या आत झडपही सुजते. पुढे ती जाड, आकसलेली किंवा गळकी होते. रक्त तिथे भोवरे घेत जातं, पृष्ठभाग खरबडीत होतो आणि रक्तातून फिरणाऱ्या जंतूला टेकायला जागा मिळते.

ऑपरेशन करून नवी झडप बसवली की रक्ताचा रस्ता मोकळा होतो, पण शरीरात एक परकी वस्तू टाक्यांनी शिवलेली असते. काही रुग्णांना तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेली देशी झडप बसवतात, ती १९९० पासून वापरात आहे. काहींना परदेशी धातूची, काहींना जनावराच्या ऊतीपासून केलेली. प्रकार कुठलाही असो, जंतूला तिथे बसता येतं. हृदयाच्या आतल्या अस्तराला आणि झडपेला होणाऱ्या या संसर्गाला एंडोकार्डायटिस म्हणतात. ऑपरेशन न झालेली पण गळकी झडप आणि महाधमनीत बसवलेली कृत्रिम नळी यांनाही हाच धोका असतो.

रुमॅटिक आजाराच्या बऱ्याच रुग्णांना दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन असतं. ते चुकवायचं नाहीच, पण त्यामुळे आपण सगळ्या जंतूंपासून सुरक्षित आहोत असं समजू नये. ते घशातल्या स्ट्रेप्टोकोकस या जंतूसाठी आहे. कॉक्सिएलावर पेनिसिलीन चालत नाही.

## कल्चर निगेटिव्ह आलं, मग जंतू कुठून आला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो, म्हणून इथे थोडं थांबू.

कापूस लावणाऱ्याला गुलाबी बोंडअळी माहीत असते. ती बारीक असतानाच बोंडात शिरते आणि शिरल्याचं भोक बुजून जातं. वरून कपाशी हिरवीगार. फवारा पानावर पडतो, आतल्या अळीपर्यंत पोचत नाही. शिवारात चक्कर मारून ‘अळी दिसली नाही’ सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याने बोंड फोडलेलं नसतं, एवढंच.

कल्चरमध्ये रुग्णाचं रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालून काही दिवस जंतू वाढतात का ते पाहतात. बहुतेक जंतू तिथे वाढतात. कॉक्सिएला वाढतो तो जिवंत पेशीच्या पोटात. तीही कुठली पेशी, तर जंतूंना गिळून पचवणारी पांढरी पेशी. तिच्या आत आम्लाने भरलेली एक पिशवी असते, गिळलेले जंतू तिथे मरतात. हा मात्र त्याच आम्लात तग धरतो आणि तिथेच वाढतो. म्हणून बाटलीत काही उगवत नाही. ‘जंतू वाढले नाहीत’ याचा अर्थ फक्त त्या बाटलीत वाढणारा जंतू मिळाला नाही, इतकाच घ्यावा.

कल्चर निगेटिव्ह येण्याचं याहून कितीतरी नेहमीचं कारण दुसरं आहे, आणि ते आपल्या हातात आहे. रक्त घेण्याआधीच अँटिबायोटिक सुरू झालेलं असतं. झडप बदललेल्या माणसाला ताप आला की मेडिकलवरून गोळ्या आणून देऊ नका. आधी कल्चरसाठी रक्त जाऊ द्या, शक्यतो वेगवेगळ्या ठिकाणांहून तीन वेळा घेतलेलं, मग औषध. माणूस अत्यवस्थ असेल तर हा क्रम डॉक्टर ठरवतील. पण साध्या कणकणीवर घरच्या घरी घेतलेल्या दोन गोळ्या पुढचं निदान महिनाभर लांबवू शकतात.

इकोतही, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीतही, गफलत होते. नेहमीच्या एंडोकार्डायटिसमध्ये झडपेवर जंतूंचा लोंबता गोळा दिसतो. क्यू फिव्हरमध्ये तो फार लहान असतो किंवा नसतोच. छातीवरून केलेला इको साफ आला तरी संशय असेल तर अन्ननलिकेतून इको करतात, कधी पेट स्कॅनही लागतो.

## मग सापडतो कसा?

रक्तातल्या प्रतिपिंडांवरून. जंतूशी लढताना शरीर जी ओळखीची प्रथिनं बनवतं, ती प्रतिपिंडं. कॉक्सिएलाची गंमत अशी की त्याची दोन रूपं असतात, फेज एक आणि फेज दोन. नव्या संसर्गात फेज दोनविरुद्धची प्रतिपिंडं वर जातात. जुनाट संसर्गात फेज एकविरुद्धची आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं खूप वाढतात. रक्तातला पातळ भाग ८०० पटींहून जास्त पातळ केला तरी त्यात ती सापडत असतील, तर एंडोकार्डायटिसच्या निदानात तो मोठा पुरावा मानतात. २०२३ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांतही हे कलम आहे. रक्तावर किंवा काढलेल्या झडपेच्या तुकड्यावर पीसीआर, म्हणजे जंतूच्या डीएनएची तपासणी, करूनही जंतू ओळखता येतो.

तालुक्याच्या लॅबमध्ये ही तपासणी होत नाही, नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागतो. आणि कुणीतरी लिहून दिल्याशिवाय ती होतच नाही. डॉक्टर लिहितील केव्हा? संशय आला तर. संशय येईल केव्हा? घरात शेळ्या आहेत, मागच्या महिन्यात एक गाभडली, हे त्यांना कळलं तर. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेल्यावर आपण गोठ्याबद्दल बोलत नाही, ते सांगण्यासारखं वाटत नाही. तिथेच हे निदान निसटतं. केसपेपरवर व्यवसाय ‘गृहिणी’ लिहिलेला असतो, आणि शेळीची सगळी बाळंतपणं त्याच बाईने केलेली असतात.

डॉक्टरांना एवढं जरूर सांगा: झडप कुठली आणि केव्हा बसवली, ताप किती दिवसांचा, आतापर्यंत कुठली अँटिबायोटिक झाली, घरी किंवा शेजारी शेळ्या-मेंढ्या-गाई आहेत का, अलीकडे कुठलं जनावर व्यालं किंवा गाभडलं का. याच उत्तरांवरून ब्रुसेलोसिस या आजाराचाही संशय येतो. त्याचाही जंतू जनावरांकडून येणारा, लांबलेला ताप देणारा आणि कल्चरमध्ये सावकाश वाढणारा आहे. दोन्ही तपासण्या बरोबरच झालेल्या बऱ्या.

## ऑपरेशनमध्ये काही चुकलं का?

नातेवाइकांच्या मनात हे येतंच. क्यू फिव्हरच्या बाबतीत उत्तर जवळपास नेहमी नाही असं आहे. हा जंतू थिएटरमधून येत नाही, तो धुळीतून येतो, बहुधा ऑपरेशननंतर घरी गेल्यावर.

ऑपरेशनच्या सामानातून चिवट संसर्ग होण्याची उदाहरणं जगात आहेत. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये रक्ताचं तापमान सांभाळणाऱ्या यंत्राच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम किमेरा नावाचा जंतू सापडला आणि काही रुग्णांना वर्षांनंतर आजार झाला. तो वेगळा जंतू आणि त्याचे उपचारही वेगळे.

एक शक्यता मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. कधी जुनी झडप ज्यामुळे झपाट्याने बिघडली तो संसर्गच क्यू फिव्हर असतो आणि ऑपरेशनच्या वेळी ते कळलेलं नसतं. मग नव्या झडपेवरही तोच जंतू बसतो. म्हणून ऑपरेशनआधी बरेच दिवस ताप असलेल्या रुग्णाची काढलेली झडप फेकून न देता तपासायला पाठवणं फार मोलाचं आहे. हे घरच्यांनी सर्जनना आधीच विचारलं तर त्यात गैर काही नाही.

## ‘पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या आहेत, कुणाला काही झालं नाही’

खरं आहे, आणि असंच असायला हवं. ज्यांची झडप धडधाकट आहे त्यांच्यातल्या कित्येकांना हा जंतू कधीतरी भेटून गेलेला असू शकतो, त्यांना पत्ताही नसतो. आजोबांनी आयुष्यभर मेंढरं राखली म्हणून झडप बदललेल्या नातवाचा धोका कमी होत नाही. झडपेबरोबरच गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे, हेही जास्त जोखमीचे. गरोदरपणात हा संसर्ग झाला तर गर्भपाताची किंवा दिवस भरण्याआधी बाळंत होण्याची भीती असते. दिवस गेलेल्या सुनेला शेळी अडल्यावर हात लावायला लावू नका.

‘आमच्याकडे शेळ्याच नाहीत’ हेही पुरेसं उत्तर नाही. नेदरलँड्समध्ये २००७ ते २०१० दरम्यान दुधाच्या शेळ्यांच्या मोठ्या फार्मांमधून क्यू फिव्हर पसरला. चार हजारांहून जास्त रुग्णांची नोंद झाली. त्यातल्या बहुसंख्यांचा शेळीशी काही संबंध नव्हता, ते फार्मांच्या काही किलोमीटर परिसरात राहत होते आणि वाऱ्याने धूळ आणली होती. सरकारला पन्नास हजारांहून जास्त शेळ्या माराव्या लागल्या. साथ ओसरल्यावरही जुनाट क्यू फिव्हरचे शेकडो रुग्ण पुढची कित्येक वर्षं सापडत राहिले. तिथल्या काही रुग्णालयांनी मग झडपेच्या आणि महाधमनीच्या रुग्णांना बोलावून त्यांचं रक्त तपासलं. आपल्याकडे धनगरांची मेंढरं रानात बसवतात, लेंडीखताने जमीन सुधारते. तेव्हा शेजारच्या रानात मेंढरं बसली होती का, हेही तापाच्या इतिहासात यायला हवं.

## दीड-दोन वर्षं गोळ्या?

हो. नव्या, साध्या क्यू फिव्हरला डॉक्सिसायक्लिन दोन आठवडे पुरतं. झडपेवर बसलेल्याला डॉक्सिसायक्लिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मिळून स्वतःची झडप असेल तर किमान १८ महिने आणि कृत्रिम असेल तर किमान २४ महिने द्यावं लागतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन म्हणजे २०२० च्या कोविडात गाजलेलीच गोळी, इथे तिचं काम वेगळं आहे. ती पेशीतल्या त्या पिशवीचं आम्ल कमी करते. आम्ल उतरलं की डॉक्सिसायक्लिनला जंतू मारता येतो.

ताप काही आठवड्यांत उतरतो आणि माणूस म्हणतो, आता कशाला. तिथे औषध सोडलं तर आजार उलटतो, आणि उपचारांवाचून राहिलेला हा आजार जिवावर बेततो. उपचार पुरे केले तर बहुतेक रुग्ण वाचतात. दर काही महिन्यांनी प्रतिपिंडं उतरतायत का पाहतात. झडप फारच खराब झाली तर परत ऑपरेशनही लागू शकतं.

गोळ्यांचे त्रास आधीच माहीत असावेत. डॉक्सिसायक्लिन चालू असताना ऊन बाधतं, कातडी भाजल्यासारखी होते. आपल्या भागात मार्च-एप्रिलमध्ये रानात काम करणाऱ्याने पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्यावर उपरणं किंवा स्कार्फ ठेवावाच. ही गोळी दुधाबरोबर किंवा अ‍ॅसिडिटीच्या औषधाबरोबर घेऊ नये, अंगी लागत नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने क्वचित डोळ्याच्या पडद्याला इजा होते, म्हणून सुरुवातीला आणि पुढे सांगतील तसा डोळा तपासायचा. ईसीजीही पाहतात. आणि धातूची झडप असलेल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर डॉक्सिसायक्लिनमुळे वाढू शकतो. पहिल्या काही आठवड्यांत आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, नेहमीपेक्षा लवकर लवकर तपासा. हिरड्यांतून रक्त आलं, लघवी लाल झाली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

## शेळ्या विकून टाकायच्या का?

नाही. दोन शेळ्यांवर कितीतरी घरांचा बाजार चालतो, मुलांच्या फिया भरल्या जातात. धोका वर्षभर सारखा नसतो, तो विण्याच्या वेळी आणि गोठा झाडताना सगळ्यात जास्त असतो. झडप बदललेल्या माणसाने तेवढ्या कामातून बाजूला राहायचं: शेळीची सोडवणूक, करडू पुसणं, जार उचलणं, लेंडीखताचा ढीग उपसणं. ही कामं घरातल्या दुसऱ्या कुणी करायची, हातमोजे घालून आणि नाकातोंडावर नीट बसणारा मास्क लावून. झाडण्याआधी पाणी शिंपडा म्हणजे धूळ उडत नाही. जार उकिरड्यावर न टाकता घरापासून आणि विहिरीपासून लांब खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका खोल. विणारी शेळी राहत्या खोलीत नको.

दुधाची काळजी सोपी आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत दूध किती तापवायचं हे ठरवताना याच जंतूचा विचार करून ६३ अंशांवर ३० मिनिटं असं प्रमाण ठरलं. घरी एक उकळी आणली तर आपण त्याच्या कितीतरी पुढे जातो. कच्चं दूध, ताज्या धारेचं निरसं दूध मात्र झडपेच्या रुग्णाने घेऊ नये. शिजलेल्या मटणाचा प्रश्न नाही. घरी बोकड कापताना जवळ न थांबणं बरं.

ऑस्ट्रेलियात कत्तलखान्यातल्या कामगारांसाठी १९८९ पासून लस आहे. आधी कातडीची चाचणी करून, पूर्वी लागण झालेली नाही याची खात्री करूनच ती देतात. आपल्याकडे ती मिळत नाही.

कळपात एकापाठोपाठ शेळ्या गाभडायला लागल्या तर ‘नजर लागली’ म्हणून सोडून देऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. गाभडलेलं करडू आणि जार उघड्या हातांनी हलवू नका, डॉक्टरांना नमुना घेऊ द्या. आणि घरात झडपेचा रुग्ण असेल तर तेही त्याच फोनवर सांगा.